पंप बसवल्यानंतर

प्लंबरने भिरकावलेला पाना बायकोच्या कानाजवळून गेला आणि स्वयंपाकघरातल्या फरशीचा टवका उडाला. तिने मुकाट्याने फरशी झाडून घेतली. बिचारा! मधुमेहाने त्याची ताठरता गेली, मग माणूस चिडणार नाही तर काय करणार? गेली सहा वर्षं प्रत्येक फटक्यावर ती स्वतःची हीच समजूत घालत आली होती. इतकी भाबडी बाई शोधूनही सापडायची नाही.

गोळ्या झाल्या. इंजेक्शनं झाली, शेवटची सुई त्याने रागाने उशीत खुपसली. मग तिनेच हातापाया पडून त्याला सर्जनकडे नेलं. डॉक्टरांनी टेबलावर दोन नमुने मांडले. एकात नुसत्या वाकणाऱ्या कांड्या, दुसऱ्यात पाण्याचा पंप: पोटात टाकी, अंडकोशात कळ, इंद्रियात दोन नळ्या.

"म्हणजे आमचंच काम की हे!" तो खदखदून हसला. त्याला हसताना बघून तिचे डोळे भरून आले.

ऑपरेशन झालं. सूज उतरेपर्यंत सहा आठवडे तिने त्याला पाण्याचा पेलाही उचलू दिला नाही. डॉक्टरांनी कळ कशी दाबायची ते शिकवलं आणि एका रविवारी दुपारी सगळं सुरळीत पार पडलं. तो खूश, ती त्याहून खूश. सुटले एकदाची, असं तिला वाटलं.

मंगळवारी सकाळी त्याच्या शर्टाचं बटण तुटलेलं निघालं. त्याने तिचा हात कपाटाच्या फटीत धरला आणि दार आपटलं. दोनदा. हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. ती किंचाळली, आणि त्या कळेतच तिला लख्ख आठवलं: पहिली थप्पड लग्नानंतर चौथ्याच महिन्यात बसली होती. तेव्हा तर गडी ठणठणीत होता.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी फॉर्म पुढे ओढला. "काय, दोघंही समाधानी ना?"

"एकदम झकास," तो म्हणाला.

"आणि ताई, तुम्ही?"

तिने प्लास्टरमधला हात टेबलावर ठेवला. "पंपात काही खोट नाही, डॉक्टर. हा हात यांनी मोडलाय. लिहा तिथे."

तो उसळला. खुर्ची मागे कोसळली आणि डॉक्टरांच्या देखत त्याने तिच्या झिंज्या धरून डोकं टेबलावर आपटलं. फॉर्मवर रक्त सांडलं.

"हेही लिहा," ती म्हणाली.