एका दिवसाचा कागद

वसुमतीला आपल्या कागदाचा गर्व होता आणि तो तिने कधी लपवलाही नाही. सत्त्याण्णव सालापर्यंत बंगलोरच्या त्या मोठ्या हृदयरोग रुग्णालयात बाहेरगावच्या पेशंटला प्रत्येक विभाग आपापली तारीख द्यायचा. रक्त सोमवारी, ईसीजी बुधवारी, डॉक्टर थेट शनिवारी. तोवर बिचारी माणसं लॉजवर भिंतीकडे बघत बसायची. बारा वर्षं अपॉइंटमेंटच्या खिडकीवर बसून हे पाहिल्यावर वसुमतीचं डोकं फिरलं. सगळ्या विभागांच्या हातापाया पडून तिने एक वेळापत्रक बसवलं: सकाळी बसमधून उतरायचं, कागदावरच्या वेळेला त्या त्या दारात उभं राहायचं, तीनला डॉक्टर, सहाला परतीची बस. हा कागद पेशंटच्या घरी आधीच टपालाने जायचा.

अधीक्षक डॉक्टर त्रिविक्रम तिच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या बंगलोरात राहिलेल्या मराठी घरातले. शंका काढण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. "महिनाभर करून बघा," ते म्हणाले होते. "पण एकाची जरी बस चुकली, तर पुन्हा पहिल्यासारखं. सरी?" बंगलोरच्या मराठीत मिसळलेलं हे कानडी 'सरी' म्हणजे ठीक.

एकोणचाळीस पेशंट वेळेवर परत गेले. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, मंगळवारी, चाळिसाव्या कृष्णाबाई निपाणीहून आल्या. सोबत नवरा ज्योतिबा, तंबाखूच्या वखारीतून दोन दिवसांची रजा काढून आलेला. कृष्णाबाईंच्या हृदयाची झडप अरुंद झाली होती. ऑपरेशनला त्या वर्षभर नाहीच म्हणत होत्या. आज तपासून त्यांचे हृदयाचे डॉक्टर काय ते सांगणार होते, आणि उद्यापासून डॉक्टर दहा दिवस परगावी.

आठ वाजता उपाशीपोटीचं रक्त झालं. साडेनऊला खाणं, मग दोन तासांनी पुन्हा साखरेसाठी रक्त. पावणेदहाला ज्योतिबा खिडकीशी येऊन उभा राहिला.

"ताई, ही खाईना."

वसुमती कँटीनमध्ये धावली. इडलीची बशी तशीच होती आणि कृष्णाबाई हात मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या.

"आज अंगारकी हाय. चंद्र बघितल्याबिगर घास घेत न्हाई म्या. एकवीस वर्सं झाली."

बसच्या वेळा, डॉक्टरांच्या सुट्ट्या, वीज जाण्याचा वार, सगळं वसुमतीने पाहिलं होतं. मराठी घरातली बाई असून अंगारकी मात्र पाहिली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली. चंद्र उगवणार रात्री नवाला. त्या रिपोर्टशिवाय डॉक्टर काही ठरवणार नाहीत, म्हणजे हिचे दहा दिवस लॉजवर आणि आपला कागद केराच्या टोपलीत.

खुर्ची ओढून ती कृष्णाबाईंसमोर बसली. उपास मोडा, हे शब्द ओठांवर आले होते, ते तिने गिळले. "अक्का, तुमच्या उपासाला काय चालतं?"

"काय न्हाई. पानी. लईच चक्कर आली तर साखरपानी."

वसुमती ताडकन उठली. गरोदर बायकांना जेवणाऐवजी मोजून ग्लुकोजचं पाणी पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात, हे तिने प्रयोगशाळेत कितीदा पाहिलं होतं. तिथल्या सुप्रीताला तिने गाठलं. सुप्रीताने डॉक्टरांना फोन केला आणि रिसीव्हर ठेवत म्हणाली, "चालेल म्हणाले. पण स्वल्प घाई करा, माझं यंत्र दोनला बंद होतं."

दहा वाजता कृष्णाबाईंनी गणपतीचं नाव घेऊन पेला रिकामा केला. मधले दोन तास फुकट जाऊ नयेत म्हणून वसुमतीने दुपारची इको अलीकडे ओढली. त्यासाठी ज्याची वेळ मागे सारली त्या वकिलाची तिला बोलणी खावी लागली, ती तिने आनंदाने खाल्ली. बाराला रक्त, दीडला रिपोर्ट, तीनला डॉक्टर.

चारला त्रिविक्रम खिडकीशी आले. "काही गडबड झाली म्हणे?"

"चूक माझी, उपाय कृष्णाबाईंचा," वसुमतीने सरळ सांगून टाकलं. "अंगारकी मी पाहिलीच नव्हती."

"माझी बायको पहाटेपासून पाण्यावर आहे," त्रिविक्रम ओशाळून म्हणाले, "आणि मलाही आठवलं नाही." त्यांनी फाईल ओढून घेतली आणि सही केली. उद्यापासून बाहेरगावचा प्रत्येक पेशंट वसुमतीच्या कागदावर येणार होता. तिची छाती अभिमानाने भरून आली, पण तोंडाने तिने फक्त "सरी" म्हटलं.

निघताना नवराबायको खिडकीशी आली. ज्योतिबाचा चेहरा उतरला होता. "आप्रेशनच करा म्हनलेत. पुढच्या महिन्यात. ही काय बोलंना."

कृष्णाबाईंनी पदर सावरला आणि वसुमतीकडे रोखून पाहिलं. डॉक्टर कोण, भूल किती वेळ, दुखेल किती, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"त्या दिवसाचा कागद कोन करनार?"

"मीच करणार, अक्का."

"मग येते म्या," कृष्णाबाई म्हणाल्या आणि नवऱ्याच्या हातातली पिशवी घेऊन बसकडे चालू लागल्या.