मोटारीच्या पोटातले सहा ठिपके

“साहेब, तुमची मोटार पादते का?”

हा प्रश्न मी शनिवारी भर कचेरीसमोर मामलेदारांना विचारला. माझी, म्हणजे गौराची, हिंमत होणार नाही, अशी माझ्या मैत्रिणींनी, कमू आणि सोमीने, पैज लावली होती. झालीच हिंमत, तर दोघी मिळून टोपलीभर आवळे देणार होत्या. आवळे मिळाले. बरोबर आणखी काय मिळालं तेच सांगते.

मोटार आमच्या जव्हार संस्थानच्या वेळची. विलीनीकरणात ती सरकारजमा झाली आणि तिच्यामागोमाग माझे बाबाही, ड्रायव्हर देवराम. पाच वर्षं दोघांचं छान चाललं. या दसऱ्यानंतर मात्र मोटारीचं काहीतरी बिनसलं. चढ आला की ती दमायची, पाणी उकळायचं, आणि मागच्या नळीतून असा बार काढायची की बाजारातल्या म्हशी दावं तोडून थेट जामसरच्या वाटेला लागायच्या. एका तलाठीबुवांनी तर दप्तरासकट गटारात उडी घेतली होती.

माझ्या प्रश्नावर साहेब हसले नाहीत. व्हरांड्यातले सगळे कारकून मात्र हसले, आणि तेच नडलं. साहेबांनी तिथल्या तिथे बाबांना सांगितलं की सोमवारी मोखाड्याला जायचं. वाटेत एक जरी बार झाला तर मोटार लिलावात, आणि देवराम कचेरीच्या दारात स्टुलावर, पट्टेवाला म्हणून.

बाबा घरी आले आणि माझ्याशी बोलले नाहीत. आवळे मी गुपचूप शेळीला घातले.

रविवारी सकाळपासून मी मोटारीच्या शेडमध्ये पाने-पक्कड पुसून बाबांच्या हातात देत होते. बाबांनी कार्ब्युरेटर धुतला, नळीत बांबू घातला, त्यातून उंदराचं अख्खं बिऱ्हाड बाहेर काढलं. तरी बार तो बारच. मी म्हटलं, ठिणगी वेळेवर पडत नसेल. बाबा तीन जेवणांनंतर पहिल्यांदा बोलले.

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठिणगीचे नवे पॉइंट घालून टायमिंग मी स्वतः लावलंय. ठिपक्यावर लावलंय. ठिपका चुकत नाही.”

हा ठिपका म्हणजे इंजिनाच्या पुढच्या चाकावर दरबारच्या जुन्या मिस्त्रीने काढलेला चुन्याचा पांढरा ठिपका. हँडल फिरवायचं, ठिपका समोरच्या खिळ्याशी आला की त्याच क्षणी ठिणगी पडली पाहिजे. पण ते चाक इतकं आत की वरच्या फटीतून एका वेळी जेमतेम एक ठिपका दिसतो.

म्हणून मी गोणपाट अंथरून खाली शिरले आणि उताणी पडून पाहिलं.

“बाबा, ठिपके सहा आहेत.”

“बाहेर ये. तुझं डोकं फिरलंय.”

मग ते स्वतः शिरले. बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते. शेवटी खालूनच त्यांनी आईला हाक मारली.

आई आली. दसऱ्याला बाबा आंघोळीला गेले असताना तिने मोटारीची पूजा केली होती. तांदळाच्या पिठाची बोटं मोटारीच्या दिव्यांवर लावली, स्टिअरिंगवर लावली, आणि इंजिनाचं झाकण उघडून, फटीतून हात घालून ते आतलं चाकही सोडलं नाही.

“तिथे कुणी तरी एकच बोट लावून ठेवलं होतं,” आई म्हणाली. “एका बोटाची कुठे पूजा असते? मी शेजारी नीट पाच लावली.”

“त्या चाकाला हात लावलास तू?”

“आंघोळ करून लावला की.”

बाबांनी ओलं फडकं उचललं. मी त्यांचा हात धरला, कारण पिठाबरोबर चुनाही गेला असता. मला विज्ञानाचा तास आठवला. गुरुजींनी भातावर जखमेला लावायचं टिंक्चर आयोडीन टाकलं तर भात काळानिळा झाला होता. चुन्याच्या जातीच्या खडूला काहीच झालं नव्हतं. बाबांची बोटं रोज सोलवटतात, त्यामुळे टिंक्चरची बाटली शेडमध्ये होतीच. कोंबडीचं पीस बुडवून मी एकेका ठिपक्याला लावत गेले. पाच काळेनिळे झाले. रांगेतला पहिला नुसता पिवळट झाला. तो चुन्याचा. बाबांचं टायमिंग होतं दुसऱ्यावर, म्हणजे आईच्या अंगठ्यावर.

बाबांनी हँडल फिरवून खरा ठिपका खिळ्याशी आणला. बिडीच्या बंडलावरचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरला, ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, आणि पॉइंट उघडून कागद अलगद सुटला, म्हणजे ठिणगीची वेळ झाली, तिथेच डिस्ट्रिब्युटर आवळून टाकला. मोटार सुरू झाली ती जात्यासारखी, एकसुरात.

सोमवारी ती मोखाड्याला जाऊन आली. वाटेत एकच आवाज झाला, तो साहेबांच्या घोरण्याचा. स्टुलाचं नाव पुन्हा निघालं नाही.

त्या दिवशी जेवताना बाबांनी स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून मला दिली. त्यांचा नूर बरा दिसतोय, असं पाहून मी पाट पुढे सरकवला.

“मी ठरवलंय,” मी म्हटलं. “मॅट्रिक झाले की मोटारमिस्त्री होणार. तोवर दसऱ्याची पूजा आईने करावी, पण इंजिनाचं झाकण मी उघडून देईन आणि मीच बंद करीन.”