लाल दांड्याची पळी

मी एक जुनी लोखंडी पळी आहे. लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. काळी आहे, मान्य. दांडा जरा वाकलाय, तेही मान्य. पण माझं तोंड बघा. वाटीसारखं खोलगट, आणि एका कडेला छोटीशी चोच. त्या चोचीतून काहीही ओता, एक थेंब इकडचा तिकडे व्हायचा नाही. या चोचीमुळेच माझं सगळं आयुष्य बदललं. कसं, ते सांगते. ऐकणारं कुणी भेटलं की माझी गाडी थांबत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही जुळ्या बहिणी. एकाच सळईचे दोन तुकडे करून लोहाराने आम्हाला घडवलं. काय ते ठोके! अजून आठवले की अंगावर काटा येतो. पण माणूस मनाचा चांगला होता. चोच काढताना श्वास रोखून धरायचा आणि झाल्यावर आम्हाला उन्हात धरून दोन्हीकडून बघायचा. त्याच्याकडून आम्हाला एका बाईने विकत घेतलं. ती औषधांच्या दुकानात काम करायची. तीच आमची मालकीण. तिचा नवरा गाड्यांच्या कारखान्यात फिटर होता, आणि शेजारीपाजारी सगळे त्याला फिटर याच नावाने ओळखायचे. मीही तेच म्हणते.

स्वयंपाकघरात दोन खिळे होते. एक आत, शेगडीच्या वर. दुसरा दाराजवळ. बहीण आत लटकली, मी दाराजवळ. तेव्हा वाटलंही नाही की या चार पावलांच्या फरकाने आमच्या वाटा वेगळ्या होतील.

ते दिवस फार सुखाचे होते हो! मालकिणीला मुलगी झाली. पातेल्यात दूध तापवलं की उरतं आणि वाया जातं, म्हणून ती दोन-चार घोट दूध माझ्यात कोमट करायची. मंद आचेवर मला धरायची, करंगळी बुडवून बघायची, आणि मग चोचीतून ते बाळाच्या वाटीत ओतायची. सांडलं नाही की म्हणायची, "शहाणी गं माझी पळी." बहिणीलाही कधी कधी हे काम मिळायचं, पण जास्त वेळा मलाच. मी त्या कौतुकाने फुगून जायचे. खोटं कशाला सांगू?

आता फिटरबद्दल. माणसाला मासेमारीचं भारी वेड. गावाबाहेरच्या तळ्यावर सुट्टीच्या दिवशी हा पहाटे हजर. पण त्याचा खरा जीव मासे धरण्यात नव्हताच, मासे फसवायची खोटी आमिषं घरी बनवण्यात होता. मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती, तिथे त्याचा हा कारभार. जुन्या चमच्यांच्या वाट्या कापायच्या, घासून चकचकीत करायच्या, तारेत ओवायच्या. पाण्यातून ओढली की ती फिरकी गरगर फिरते आणि माशाला वाटतं, चला, फराळ आला. घरातले चमचे महिन्या-महिन्याला कमी व्हायला लागले, तेव्हा मालकिणीने एक दिवस शांतपणे विचारलं की पुढच्या महिन्यापासून आपण हाताने आमटी प्यायची का. फिटरने मान खाली घालून भंगारवाल्याकडून चमचे आणायला सुरुवात केली.

दुसरा प्रकार होता शिशाच्या डोक्याच्या गळांचा. हौशी लोक त्याला जिग म्हणतात. चाकांचा तोल साधायला जी शिशाची वजनं लावतात ना, ती टायरवाल्याकडून मागून आणायची आणि वितळवायची. प्लास्टरचा दोन भागांचा साचा असतो. त्यात गळ ठेवायचा, साचा घट्ट बांधायचा आणि वरच्या भोकातून शिसं ओतायचं. थंड झालं की गळाला गोल डोकं आलेलं असतं. मग कानशीने घासायचं, रंगवायचं, डोळे काढायचे, मागे दोऱ्याने पिसं बांधायची. फिटरचे मोठे जाडजूड हात, पण ती पिसं बांधताना असे हळुवार चालायचे की बघत राहावं.

अडचण एकच होती. तो शिसं वितळवायचा एका डब्यात, आणि डब्यातून ओतताना निम्मं शिसं साच्याबाहेर जायचं. एका रविवारी मालकीण दुकानात गेलेली, मुलगी झोपलेली. फिटर पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि त्याची नजर दाराजवळच्या खिळ्यावर पडली. माझ्या चोचीवर!

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. एका दुपारी मी बारा डोकी ओतली. एकही वाकडं नाही. फिटर तर खुशीत शीळ घालत होता. आणि खरं सांगू? मलाही मजा आली. काम नीट झालं की मजा येतेच. मग त्याने मला माती लावून घासघास घासलं आणि गुपचूप परत खिळ्यावर अडकवून टाकलं. जसं काही झालंच नाही.

संध्याकाळी मालकीण दूध तापवायला मला खाली घेते तो काय, चोचीच्या बेचक्यात ज्वारीच्या दाण्याएवढा चांदीसारखा ठिपका. तिने तो नखाने खरवडला, बोटावर घेतला आणि नवऱ्यासमोर धरला. फिटरला खोटं बोलता यायचं नाही. "मी चांगली घासली होती," एवढंच तो पुटपुटला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "अहो, शिसं घासून जात नाही. तुम्हाला दिसत नाही म्हणून ते नसतं असं नाही. लहान मुलाच्या पोटात थोडं थोडं जात राहिलं तर डोक्यावर परिणाम होतो, आणि तो मागे घेता येत नाही. आज मी बघितलं नसतं तर?"

फिटर बाळाच्या पाळण्यापाशी जाऊन बसला.

तिच्या दुकानात जी औषधं पोटात घ्यायची नसतात, त्यांच्या बाटल्यांवर लाल पट्टी असायची. तिने कपाटातून आपलं लाल नेलपॉलिश काढलं आणि माझ्या दांड्यावर चार बोटं रुंद पट्टा रंगवला. त्या दिवसापासून त्या घरात नियम झाला. लाल दांडा शेडमध्ये, लाल दांड्याला स्वयंपाकघराचं दार बंद. पक्कड, चाळणी, झारा, शिशाला लागलेली प्रत्येक वस्तू लाल झाली. मुलगी चालायला लागली तेव्हा पहिल्यांदा हेच शिकली. आगीच्या उष्णतेने माझा रंग उडायचा, म्हणून दरवर्षी मासेमारीच्या हंगामाच्या आधी मालकीण शेडमध्ये यायची आणि नवा पट्टा ओढून जायची.

मित्रांनो, माझ्या मात्र अंगाची लाही लाही व्हायची. काय माझा गुन्हा होता? मी आपण होऊन गेले होते का शेडमध्ये? तिकडे बहीण बाळाचं दूध तापवतेय, आणि मी इकडे धुरात. फिटर माझं कौतुक करायचा, मित्रांना दाखवायचा, ही पळी म्हणजे माझा उजवा हात आहे म्हणायचा. हजारो डोकी ओतली मी. पण स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला की माझा जीव कासावीस व्हायचा. मला परत त्या खिळ्यावर जायचं होतं. इतकी वर्षं मी तेवढंच मागत होते.

मग एक वर्ष मालकीण रंग घेऊन आली नाही. ती आजारी होती, आणि त्यातून उठलीच नाही. फिटर शेडमध्ये येऊन नुसता स्टुलावर बसायचा. पुढच्या हंगामाआधी त्याने मला हातात घेतलं, फिक्या झालेल्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. रंग लावायचं ते तिचं काम, ते आपण करणं त्याला जमेना. त्याने मला तशीच खाली ठेवली. त्यानंतर माझ्यावर धूळ बसली. उरलेला रंग पापुद्र्यांनी गळून गेला. बहिणीचा दांडा कधीच तुटला होता, ती भंगारात गेल्याचं मी भिंतीआडून ऐकलं होतं.

मुलगी सासरी होती. फिटरला झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं, तेव्हा ती सात महिन्यांच्या पोराला घेऊन बापाकडे राहायला आली. पोरगं असं गुबगुबीत की सगळे त्याला ढब्बू म्हणायचे. एका सकाळी ती शेड साफ करायला आली आणि रद्दीखाली तिला मी सापडले. तिने मला उलटंसुलटं बघितलं. दांडा काळा, लाल टिपूसही नाही. तिच्या लेखी दोनच पळ्या होत्या. लाल ती शेडची, बिनरंगाची ती आईची. आईची पळी कधी मोडली हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं, आईच्या मागे बाबांनी ही इथे आणून ठेवली असणार.

तिने मला छातीशी धरलं. धावत घरात नेलं, घासलं, उकळत्या पाण्याने धुतलं. आणि मित्रांनो, तिने मला शेगडीवर धरून माझ्यात दूध ओतलं. चार घोट. आईसारखीच करंगळी बुडवून बघितली.

त्या क्षणी मी किती सुखावले म्हणून सांगू! सगळं परत मिळालं होतं. मग त्या दुधाची ऊब माझ्या चोचीपर्यंत पोचली, आणि मला मालकिणीचे शब्द आठवले. दिसत नाही म्हणून ते नसतं असं नाही. मी गारठले. ज्या कामासाठी मी जन्मभर झुरले, ते माझ्या हातून होऊ नये, एवढंच मी त्या वेळी मागत होते. पण मला कुठे बोलता येतं?

स्वयंपाकघरात आणखी एक जण होता, ज्याला बोलता येत नव्हतं. फिटर खिडकीजवळच्या खुर्चीत होता. त्याने मला ओळखलं. ज्या हाताने हजारदा उचललं, तो हात लुळा पडला तरी डोळे कसे विसरतील? तो डाव्या हाताने खुर्ची बडवायला लागला. मुलीला वाटलं, चहा हवाय. त्याने हात मागे नेऊन पुढे झटकला, गळ फेकतात तसा. ती हसली. बरं वाटलं की जाऊ हं तळ्यावर, असं म्हणाली आणि दूध वाटीत ओतून ढब्बूला मांडीवर घेऊन बसली.

तिने चमचा भरला. फिटर खुर्चीतून पुढे झेपावला आणि त्याने डाव्या हाताने वाटी उडवली. दूध जमिनीवर, तिच्या साडीवर, सगळीकडे. ढब्बू रडायला लागला. तिचाही बांध फुटला. किती दिवसांची झोप नव्हती बिचारीला.

"बाबा, मी तुम्हाला सांभाळू की ह्याला?" ती म्हणाली.

फिटरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती उठली, पुन्हा दूध तापवायला तिने मला उचललं. तेव्हा त्याने तिचं मनगट पकडलं. पडायच्या बेतात होता, पण सोडेना. तिच्या बोटांवर लाल नेलपॉलिश होतं, अर्धं उडालेलं. त्याने तिचा अंगठा माझ्या दांड्यावर, बरोबर पट्ट्याच्या जागी, टेकवला. दाबून धरला. एकदा तिच्या नखाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

तिने आपल्या नखावरच्या रंगाकडे बघितलं. मग तिने विचारलं, "लाल? ही ती पळी आहे?"

त्याने मान हलवली. हलवतच राहिला.

तिने मला ओट्यावर टाकून ढब्बूला उचललं. त्याचे ओठ पुसले, जीभ बघितली, पुन्हा पुसले. एक थेंबही गेला नव्हता. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही. मग बापाच्या मांडीवर डोकं ठेवून ती खूप रडली. चुकले हो बाबा, एवढंच म्हणत होती. पण चूक तिची एकटीची नव्हती. फिटरने रंग लावला नव्हता, आणि मी? मी तर इतकी वर्षं तो रंग जावा म्हणूनच मनात म्हणत होते.

त्याच दुपारी तिने कपाटातून लाल नेलपॉलिशची बाटली आणली. फिटरने मला डाव्या हातात घट्ट धरलं आणि तिने माझ्या दांड्यावर चार बोटं पट्टा ओढला. दोन हात दिले. त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर जाताना मला पहिल्यांदाच वाईट वाटलं नाही.

आता मी शेडमध्ये असते. शिसं मुलगी ओतते. फिटर दाराबाहेर मोकळ्या हवेत बसतो आणि ओतायची वेळ झाली की डावा अंगठा वर करतो. तिची पहिली डोकी इतकी वाकडी आली की मासेही हसले असतील. हळूहळू जमतंय.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपून ठेवा हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मी जरा वेगळं मागते. आम्ही काय काय केलंय, आमच्या अंगाला काय लागलंय, ते घरात एकमेकांना सांगून ठेवा. खूण उडाली तर ती दुसऱ्याचं काम आहे म्हणून थांबू नका, स्वतः लावा. आम्हाला बोलता येत नाही हो.

परवाच ढब्बू चालत चालत शेडच्या दारापर्यंत आला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "लाल. नाई."

बाहेर फिटर बसला होता. डॉक्टरांनी शब्दांचा सराव करायला सांगितलाय, पण तो कंटाळा करतो. त्या दिवशी मात्र त्याने ओठ हलवले, नातवाकडे बघून, दोनदा, तीनदा. आणि जो शब्द त्याला स्वयंपाकघरात हवा होता, तो एकदाचा बाहेर आला.

"लाल," फिटर म्हणाला.

ढब्बूने टाळ्या वाजवल्या, आणि दोघं मिळून तो शब्द जेवणाची वेळ होईपर्यंत म्हणत बसले.