पेपरात न्हवतं

"फुल्ल पेज पायजे ताई, पैलं पान. वर बापूचा फोटो, खाली 'लोकनेता हरपला'. रंगीत."

अंगदनं पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवला. डोळे सुजले होते त्याचे. त्याचा बाप सुंदरराव दुपारी अंबाजोगाईच्या दवाखान्यात वारला होता. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

"मेलेल्याच्या बातमीला 'हलगी'त चार ओळी असत्यात, अंगद," मी म्हणाले. "फोटो न्हाई, रंग न्हाई. फुकट. आन् ज्याची खबर आधी, त्याचं नाव आधी. सकाळी वस्तीवरची साखराबाई गेली, मेंढरं राखायची. तिच्या खाली तुझ्या बापूचं."

"मेंढरं राखणारीच्या खाली? माझा बाप?" तो उठलाच. "तुमची मशीन एकदा हिरीत गेलती. इसरल्या काय?"

"न्हाई इसरले. आता त्या हिरीला पाणीबी न्हाई. जा तू."

पेन ड्राइव्ह उचलून तो जिना उतरला. आमचा छपाईमशीनवाला बिभीषण दारात उभा राहून ऐकत होता. हात पुसायचं फडकं त्याच्या मुठीत आवळलेलं होतं.

'दैनिक हलगी' माझ्या वडिलांनी काढली. धारूरसारख्या गावात रोजचा पेपर काढायचा म्हणजे घर जाळून कोळशाचा धंदा, असं लोक म्हणायचे. अण्णांनी तो धंदा आयुष्यभर केला. मोठ्या पेपरात पुढाऱ्यांचे वाढदिवस. आमच्या पेपरात बाजारभाव, हरवलेल्या म्हशी आणि मरणं. डोंगरपट्ट्यात कुणी गेलं की पहिला निरोप पाहुण्यांना आणि दुसरा अण्णांना. आता मोबाइलवर सगळं आधीच कळतं, पण आमच्याकडे त्याच्यावर कुणी विसंबत नाही. जिवंत माणसाला हार घालून झालेत मोबाइलवर. 'हलगी'त आलं म्हणजे मेला.

दुष्काळाच्या साली सुंदररावांच्या चारा छावणीत कागदावर जितकी जनावरं होती, त्याच्या निम्मीसुद्धा दावणीला नव्हती. अण्णांनी ते छापलं. दुसऱ्याच दिवशी सुंदररावांची माणसं आली आणि मशीनचे रोलर विहिरीत टाकून गेली. मशीन गेलं, जाहिराती गेल्या, मग अण्णांचा उजवा हात गेला, लकव्यानं. त्यातच ते संपले.

ज्या माणसानं सगळ्या तालुक्याचं मरण छापलं, त्याचं मरण छापायला पेपर नव्हता. बाकीच्या पेपरवाल्यांना सुंदररावांनी दम भरला होता. सरणाशी मी आणि बिभीषण, आणि लाकडं आणणारा गाडीवान. अग्नी मीच दिला. पुढं बाजारात जो भेटेल तो जीभ चावून म्हणायचा, "आमाला कळलंच न्हाई बाई. पेपरात न्हवतं."

कळलं होतं सगळ्यांना. सुंदररावांच्या भीतीनं घरात बसले होते सगळे. आणि भीतीला निमित्त आमच्याच पेपराचं! अण्णा गेल्यावर सगळे म्हणाले, मशीन भंगारात घाल, लग्न कर. मी दागिने मोडून मशीन उभं केलं, ते समाजसेवेसाठी नाही. मला एकच बातमी छापायची होती. एक तप तिची वाट पाहिली.

आणि ती आली, तर चार ओळीसुद्धा द्यायला हात धजेना. मी सुंदररावांचं नाव टाइप केलं आणि पुसलं.

"काय करायलात, ताई?" बिभीषण मागून म्हणाला.

"जाऊ दे त्याला तसाच. पेपरात न्हवतं म्हणू दे लोकांना."

"अण्णा मरणाची बातमी अडवीत न्हवते. वैऱ्याची बी न्हाई."

"अण्णा कुठं हायत आता? त्यांची कुणी छापली?"

त्यानं हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. मग हळूच म्हणाला, "तीच ऱ्हायलीय की. खबर तर सगळ्यात आधी आलती."

मी त्याच्याकडे बघत राहिले. मग पुसलेलं नाव पुन्हा टाइप केलं, सुंदररावांच्या चार ओळी लिहिल्या. त्यांच्या वर साखराबाईच्या चार होत्याच. त्यांच्याही वर, सगळ्यात पहिल्या, माझ्या बापाच्या. 'हलगीचे संस्थापक अभिमन्यूअण्णा यांचे बारा वर्षांपूर्वी निधन झाले. बातमी द्यायची राहून गेली होती. दुखवट्याला बसायला येणाऱ्यांनी आज सकाळी नऊ वाजता हलगी कार्यालयात यावे.'

सुंदररावांची अंत्ययात्राही नऊलाच होती. आमच्याच रस्त्यावरून.

सकाळी मी फरशीवर सतरंजी अंथरली. अण्णांच्या फोटोपुढं दिवा लावला. पाण्याचा तांब्या आणि पेले जवळ घेऊन बसले. कुणी येईल असं मला वाटत नव्हतं. पहिला आला हनुमानअप्पा, आडत दुकानदार, अण्णांचा जुना मैतर. पांढरी टोपी, पांढरा सदरा. निघाला होता सुंदररावांकडे. माझ्याकडे न बघता भिंतीशी टेकून बसला.

"पेपरात आलं, म्हून आलो," तो म्हणाला.

"कळलं म्हणायचं आता," मी म्हणाले.

त्यानं मान वर केली नाही. मग एकामागून एक येत गेले. चपला जिन्यापर्यंत आल्या. सगळ्यांचे कपडे पांढरे, सगळेच तिकडं निघालेले. आमच्याकडे दुखवट्याला बसलेला माणूस घरच्यांनी पाणी दिल्याशिवाय उठत नाही. उठला तर मेलेल्याला लाथाडल्यासारखं होतं.

खालून ताशाचा आवाज आला. 'अमर रहे'च्या घोषणा जवळ आल्या. हनुमानअप्पानं दाराकडं पाहिलं, मग तांब्याकडं, मग माझ्याकडं. मी तांब्यावर हात ठेवून बसले होते.

सुंदरराव आमच्या दारावरून गेला. फरशीलगतच्या खिडकीतून मला फुलांनी झाकलेला ट्रॅक्टर दिसला आणि पुढं चालणारा अंगद. त्यानं वर बघितलं. खोलीभर पांढऱ्या टोप्या बसलेल्या त्याला दिसल्याच असणार. आवाज वेशीकडं लांब गेला, मग ऐकू येईनासा झाला.

बिभीषण माझ्या कानाशी वाकला.

"ताई, गेलं ते. आता पाणी द्या लोकांना."

मी अण्णांच्या फोटोकडं पाहिलं. दिव्यात तेल होतं अजून.

"बसू दे जरा," मी म्हणाले.