वरच्या फळीवरची मीठदाणी

मित्रांनो, स्वयंपाकघरातल्या कपाटात, अगदी वरच्या फळीच्या कोपऱ्यात बसलेली ही जाड काचेची मीठदाणी म्हणजे मी. आज अंगावर धूळ आहे. पण एके काळी माझ्यावाचून या घरात कुणाचे पान हलत नसे.

चष्मेवाले काका आपल्या चष्म्यांच्या दुकानातून आले की हात धुऊन टेबलाशी बसत. पहिला घास घेण्याआधीच त्यांचा हात माझ्याकडे येई. काकू म्हणत, "अहो, आधी चव तरी बघा." काका हसत आणि मला पुन्हा उलटी करत. मी कशी फुशारून जाई म्हणून सांगू!

मग काकांचे पाय सुजले. मूत्रपिंडे थकली आहेत, मीठ तोडा, असे डॉक्टरांनी सांगितले. सॉसच्या बाटल्या, सॅलडवर ओतायचे तयार ड्रेसिंग, सगळ्यांची घरातून उचलबांगडी झाली. मी तेवढी काकूंपुरती उरले. काका टेबलावर एकटे अळणी जेवत. त्यांच्यासमोर मिठाचे खायला नको म्हणून काकू ओट्याशी उभ्यानेच चार घास पोटात ढकलत. दोघांच्या मध्ये एक भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना शुकशुकाट.

एके दिवशी काका एक पाकीट घेऊन आले. "हे बघ, कमी सोडियमचं मीठ. वाचून आणलंय. आता बस माझ्यासोबत."

त्यांनी स्वतःच्या हाताने मला भरले. मी पुन्हा टेबलावर आले, काकूही आल्या. किती बरे वाटले म्हणता!

पण पुढच्या तपासणीनंतर दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंचा फोन आला. "रक्तात पोटॅशियम वाढलंय. नवीन काय खाताय?" काकूंनी पाकीट वाचून दाखवले. "ते आजच बंद करा आणि ताबडतोब दवाखान्यात या. सोडियम कमी करायला त्यात पोटॅशियम घालतात. थकलेल्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही; हृदयाचे ठोके बिघडून तुमच्या यजमानांच्या जिवावर बेतेल."

लोकांना बारीक अक्षर वाचता यावे म्हणून आयुष्यभर भिंगे बसवणारे काका! पाकिटावरची एकच ओळ वाचून थांबले होते. दवाखान्यातून परतल्यावर ते हळूच म्हणाले, "मला एकट्याला जेवण जात नाही गं."

काकूंनी मला रिकामे केले, धुतले आणि इथे वर ठेवून दिले. बाईंना विचारून त्यांनी तेल, व्हिनेगर, ठेचलेला लसूण आणि मिरपूड एका बरणीत घालून खळखळून हलवले. ते काकड्यांवर ओतले आणि आपलेही अळणी ताट घेऊन त्या टेबलाशी बसल्या.

"पहिला घास जरा जड जातो, नाही?" काकूंनी विचारले.

"दुसरा बरा लागतो," काका म्हणाले.

मला ते इथून नुसते ऐकू येते. मला आता कुणी हात लावत नाही, आणि मित्रांनो, फार एकटे वाटते. तरी मला खाली उतरवू नका. तुमच्या घरी असे कुणी आजारी असेल, तर पाकीट किंवा बाटली घेताना सगळ्या ओळी वाचा, डॉक्टरांना विचारा. आणि त्याला एकट्याला जेवायला लावू नका. एकटे राहायला मी आहे. मी काचेची आहे, मला भूक लागत नाही.