सावलीतला गंज

"पाहा जी म्याडम, तोंड दिसते पाण्यात," म्हणत खेमराजनं गंजावरचं, त्या मोठ्या पातेल्यावरचं, गोणपाट उचललं.

करुणा वाकली. परवा याच गंजात कोशाचं रेशमी सूत रंगवून उरलेलं लालभडक पाणी होतं. तिनं स्वतः त्यात आपली फिकट पिवळी भुकटी ढवळली होती आणि दोन दिवस उन्हात ठेवा म्हणून बजावलं होतं. आता पाणी नितळ झालं होतं. तिला हसू फुटणार, तोच तिचं लक्ष गोणपाटाकडे गेलं. गंजही छपराखाली होता.

"हे कधी झाकलंत, काका?"

"पयलेपासूनच झाकून हाये. रंगाचं भांडं उनात ठेवाले हात धजत नाई जी. बापानं धोपटलं असतं मले." रंगाऱ्याची अख्खी उमर सूत उन्हापासून वाचवण्यात गेलेली. तो खुशीत होता. "पन तुमचं औषध पाहा, सावलीतबी लागू पडलं."

करुणानं गोणपाट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

ती भंडाऱ्याच्या एका कॉलेजात तासिकेवर रसायनशास्त्र शिकवायची. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी ती इथेच, सानगडीत, दहावीला होती. आता तिशी उलटली तरी पीएच.डी. चालूच होती, आणि पीएच.डी. म्हणजे लग्नासारखी गोष्ट. कधी होणार हे विचारायचा हक्क सगळ्या गावाला असतो. आई, रत्नमाला, कौतुकानं सांगत सुटायची, "आमची करुणा डाक्टर होऊन राहिली." त्यामुळे बाया तिच्याकडे गुडघेदुखीच्या तक्रारी घेऊन यायच्या.

तिचं काम मात्र उन्हाचं होतं. टिटॅनियमची पांढरी भुकटी आणि युरिया भाजून केलेली पिवळी भुकटी. ऊन पडलं की त्यांच्यातले विजेचे कण उसळतात, पण एकेकटीत ते लगेच जागेवर परततात आणि ऊन वाया जातं. दोघींना गंजातल्या भुकटीसारखं एकत्र भाजून जोडलं, की एकीतले कण दुसरीत उतरतात, तिथे टिकतात, आणि तेवढ्या वेळात पाण्यातला रंग तोडून टाकतात. प्रयोगशाळेतल्या निळ्या रंगावर हे तिनं सिद्ध केलं होतं. शेवटचं प्रकरण खऱ्या रंगपाण्याचं होतं.

ते पाणी खेमराजचं. त्याचं सांडपाणी शेजारच्या देवकाबाईच्या विहिरीत झिरपलं, तिचं पाणी लालसर झालं, आणि पंचायतीनं दिवाळीपासून त्याची रंगशाळा बंद केली. चाचणीपुरता हा एक गंज तेवढा रंगवू दिला होता. आज दुपारी करुणा पंचायतीत 'पाणी साफ होतं' म्हणाली, की रंगशाळा उघडणार होती.

आणि सावलीत रंग गेला, म्हणजे उन्हाचा यात काहीच हात नव्हता.

तिनं तळाची भुकटी पेल्यात काढली. "काका, कोसे उकळायचा सोडा आहे का?"

खेमराजची बायको शेवंताबाई चुलीवरचा चहा तसाच सोडून सोड्याचं पाणी घेऊन आली. करुणानं ते भुकटीवर ओतलं, ढवळलं. थोड्या वेळात पेला लाल झाला.

"हे काय जी?" शेवंताबाईनं विचारलं.

"रंग मेला नाही, काकू. भुकटीला चिकटून बसला होता."

"मंग भुकटी गाळून फेकून देऊ," खेमराज म्हणाला.

"कुठं फेकाल? जिथं पडेल तिथं साबण-सोड्याच्या पाण्यात पुन्हा सुटेल. देवकाबाईची विहीर पुन्हा लाल होईल."

चहा उतू गेला. शेवंताबाई हळूच म्हणाली, "वरचं पाणी तं साफ हाये ना, पोरी. थेच दाखव. आमाले तेवढंच लय झालं."

करुणाला ते दाखवावंसं फार वाटलं. हे प्रकरण छापलं असतं, पदवी मिळाली असती, हे घर पुन्हा उभं राहिलं असतं. तिला त्या क्षणी आपल्या भुकटीचाच राग आला.

पंचायतीत तिनं दोन पेले टेबलावर ठेवले, एक गंजातल्या नितळ पाण्याचा, दुसरा सोड्यानं लाल झालेला. सरपंच भैयाजी नितळ पेल्याकडे पाहत म्हणाले, "म्याडम, पानी तं साफ दिसून राहिलं."

"दिसतंय. झालं नाही अजून," ती म्हणाली. "रंग त्या दुसऱ्या पेल्यात आहे. आत्ता रंगशाळा उघडू नका. मला अजून काम करावं लागेल."

"कधीवर?"

"सांगता येत नाही."

मागच्या बाकावर देवकाबाईनं पदरानं तोंड पुसलं. खेमराज खाली मान घालून बसला होता.

तरी तिला सोडायला तो फाट्यावर आला. मग म्हणाला, "मी तुमचं आयकून उनात ठेवलं असतं, तं?"

"तर काही रंग उन्हानं तुटला असता, काही भुकटीनं धरला असता. कोणी किती, ते मला कळलंच नसतं. पाणी साफ झालं म्हणून मी सही करून मोकळी झाले असते."

"मंग बरं झालं म्हना." त्याचा आवाज मात्र बरं झाल्यासारखा नव्हता. "तुमची डाक्टरकी लांबली ना जी माह्यापायी."

"तुमच्यापायी नाही, काका," ती म्हणाली.

निरोपासाठी त्यानं हात जोडले. मग स्वतःच ते उघडून पाहू लागला.

"लग्नात पोरी हासत, म्हनत याले कायले हळद लावता, हा तं आंधीच रंगला हाये. कोपरापावेतो रंग, नखातबी. घासला तरी निंगे नाई." त्यानं हात उलटे करून पाहिले. "आता रिकामा बसून आपोआप निंगून गेला. जेवाले बसलो का दुसऱ्याच कोनाचा हात ताटात आल्यासारखा वाटते."

वळणावर एसटी दिसली. खेमराज दोन पावलं पुढे झाला आणि गाडी थांबवायला त्यानं हात वर केला. उन्हात तो तळहात लांबूनही स्वच्छ दिसत होता. गाडी थांबली.