एक बाजू लाल चेंडूची

मित्रांनो, सामना बघताना तुमची नजर माझ्यावर कधी ठरत नाही, आणि तसंच असायला हवं. मी मेरिंडा गावच्या मैदानावरचा जुना साइटस्क्रीन, म्हणजे फळ्यांचा मोठा पडदा, आहे. गोलंदाजाच्या पाठीमागे, सीमारेषेपलीकडे मी चाकांवर उभा असतो. फलंदाजाला चेंडू नीट दिसावा, एवढंच माझं काम.

लेन हॅलोरन नावाच्या सुताराने फळ्या जोडून मला घडवलं आणि पांढराशुभ्र रंग दिला. तेव्हा कपडे पांढरे आणि चेंडू लाल. फलंदाजाने हात हलवला की सावलीत बसलेलं कोणीतरी उठून मला चेंडूच्या रेषेत ढकलायचं. पुढे शहरांत दिव्यांच्या उजेडात रंगीत कपड्यांचे सामने सुरू झाले. मग लीग आली, शहरांच्या नावाचे संघ निघाले, खेळाडू करारावर घेतले जाऊ लागले. लेन माझ्या सावलीत रेडिओ ऐकत नाक मुरडायचा.

"पायजमे घालून कसलं क्रिकेट?"

"नको तर ऐकू नकोस," क्लबचं चहापाणी बघणारी नोला म्हणायची. "त्या लीगमध्ये आता बायकांचेही संघ आहेत. आम्हाला मैदान मिळायचं ते तुमचा खेळ आटोपल्यावर."

यावर लेन रेडिओचा आवाज हळूच वाढवायचा, कारण त्याची नात टेगन आमच्या क्लबात पुरुषांच्या बरोबरीने सलामीला यायची.

एका उन्हाळ्यात लीगने महिलांचा एक सराव सामना आमच्या गावात ठेवला. लीगचा चेंडू पांढरा, तो माझ्या पांढऱ्या अंगापुढे दिसणार कसा? म्हणून लेनने मला आणि समोरच्या टोकाच्या माझ्या भावाला काळंकुळकुळीत रंगवलं, पुढूनही आणि मागूनही. एका बाजूवर थांबेल तो लेन कसला! सामना झोकात झाला. नाक मुरडणारा लेन लीगची जांभळी टोपी घालून मिरवत होता. एका संघाच्या प्रशिक्षक बाई शनिवारच्या आमच्या अंतिम सामन्यासाठी मुद्दाम थांबल्या. त्यांना टेगनची फलंदाजी बघायची होती.

शनिवारी पंचांनी नेहमीचा लाल चेंडू बाहेर काढला आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. काळ्या पडद्यापुढे तो दिसेना. पडदे पांढरे झाले नाहीत तर खेळ नाही, असं पंचांनी सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"डोकं गहाण ठेवलं होतंस का, लेन?" नोला म्हणाली.

"पॉप, निदान एक बाजू तरी ठेवायची," टेगन आजोबांना म्हणाली. "बाई आज संध्याकाळी निघणार आहेत."

लेनने टोपी काढली. "लीगच्या नादात शनिवार विसरलो गं पोरी."

नोला तोवर चहाच्या खोलीकडे निघालीही होती. "बघत काय बसलात? केक बाजूला करा, टेबलांवरची कापडं काढा. आणि घरून चादरी आणा, पांढऱ्याच."

चूक आमची, म्हणून सामना झाला नसता तर चषक पाहुण्या संघालाच मिळाला असता. तरी त्यांचाच कर्णधार तोंडात खिळे धरून माझ्यावर चढला. तासाभरात आम्ही दोघं भाऊ पुन्हा पांढरे झालो. माझ्या पोटावर टेबलाच्या कापडावरचा बीटाचा एक गुलाबी डाग तेवढा होता.

टेगनने हात हलवला. लेनने मला खांदा लावला. मग ती चेंडू बघून, मनासारखी खेळली. सामना आम्ही हरलो, पण ती नाबाद राहिली, आणि पुढच्या मोसमात लीगमध्ये दिसली.

आता माझी एक बाजू काळी आहे, एक पांढरी. टेगन मोठ्या स्टेडियममध्ये, आपोआप रंग बदलणाऱ्या पडद्यांपुढे खेळते. परवा ती गावी आली होती. मैदानात एक चिमुरडी फलंदाजी करत होती. तिने हात हलवला, पण सावलीतली मंडळी गप्पांत रंगलेली. टेगनने चहाचा कप गवतावर ठेवला, धावत आली आणि मला खांदा लावला. माझी चाकं गंजून कुरकुरत होती. तिने त्यांना स्वतः तेल घातलं.

मित्रांनो, खेळ मोठा होतो याचा मला आनंदच आहे. पण तुमच्या मैदानावर माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याच्या चाकांना तेल घाला. आणि समोरून एखाद्या पोरीने हात हलवला, तर उठा.